थीम पार्क रिसॉर्टचा कारभार आणि ताळेबंद: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेल-रिसॉर्टचे हिशेब तपासणं हे माझं काम. त्यामुळे गंगापूर रोड, त्र्यंबक रोड आणि इगतपुरी-घोटी पट्ट्यातून सतत प्रश्न येतात. कोणी जमीनमालक असतो, कोणी गुंतवणूकदार, कोणी हॉटेल मॅनेजमेंट शिकणारा विद्यार्थी, तर कोणी रविवारची गर्दी पाहून थक्क झालेला पाहुणा. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, शेवटचे अडचणीचे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. थीम पार्क रिसॉर्ट म्हणजे नक्की काय? साध्या वॉटर पार्कपेक्षा त्यात वेगळं काय?

वॉटर पार्कमध्ये माणूस सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जातो. थीम पार्क रिसॉर्टमध्ये त्याच आवारात किंवा अगदी लागून राहण्याची सोय असते. राइड, शो, खाणं, दुकानं आणि खोल्या हे सगळं एका हातात किंवा एका करारात बांधलेलं असतं. महाराष्ट्रातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे खोपोलीजवळचं इमॅजिका. २०१३ मध्ये थीम पार्क सुरू झालं, २०१४ मध्ये वॉटर पार्क आलं आणि २०१५ पासून शेजारी हॉटेल उभं राहिलं. बंगळूरच्या वंडरला पार्कमध्ये २०१२ पासून ८४ खोल्यांचं रिसॉर्ट आहे.

गंगापूर रोडला मिसळीसोबत झोके, रेन डान्स आणि छोटा पूल देणाऱ्या जागा या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचं गणित प्रश्न १४ मध्ये आहे.

२. यांचा पैसा नेमका कुठून येतो? तिकिटातूनच ना?

सर्वात मोठा वाटा तिकिटाचा, हे खरं. पण कारभार बघणारा माणूस तिकिटाआधी दोन आकडे विचारतो: आत आल्यावर माणशी किती खर्च झाला आणि किती जण रात्री राहिले. खाणं, लॉकर, पोहण्याचे कपडे, फोटो, खेळणी, पार्किंग, रांग टाळण्याचा वेगळा पास यांना मिळून बिगर-तिकीट उत्पन्न म्हणतात. त्यानंतर खोल्या, बँक्वेट हॉल, लग्नं, कंपन्यांची संमेलनं.

वंडरला हॉलिडेजचं २०२३-२४ चं उत्पन्न सुमारे ४८० कोटी रुपये होतं आणि सगळ्या पार्कांत मिळून पाहुणे सुमारे ३२ लाख. म्हणजे माणशी साधारण १,५०० रुपये, रिसॉर्टचं उत्पन्न धरून. शिवारातली जमीन दाखवून कोणी तुम्हाला 'माणशी तीन हजार सहज मिळतील' असं सांगितलं, तर देशातल्या सर्वात अनुभवी कंपन्यांपैकी एकीचा हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

३. रविवारी पाय ठेवायला जागा नसते, तरी मालक तोट्यात आहे म्हणतो. हे कसं शक्य आहे?

सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बाकीची अर्धी उत्तरं याच्यातच आहेत.

पार्कचा बहुतेक खर्च स्थिर असतो. द्राक्षबागेची छाटणी आणि फवारणी जशी भाव मिळो न मिळो करावीच लागते, तसंच हे. लाइफगार्ड, राइड चालवणारे, मेकॅनिक, बाग, सुरक्षा, विमा, पाण्याचं शुद्धीकरण यांचा खर्च दोनशे माणसं आली तरी आणि दोन हजार आली तरी जवळपास तेवढाच. महावितरणच्या बिलातला मागणी आकार राइड फिरली नाही तरी भरावाच लागतो.

समजा एका पार्कचा वर्षाचा स्थिर खर्च २४ कोटी आहे. जीएसटी वजा करून माणशी १,००० रुपये मिळतात. त्यातले २०० रुपये कच्चा माल, एजंटचं कमिशन, कार्डाचं शुल्क अशा बदलत्या खर्चात जातात आणि ८०० उरतात. २४ कोटी भरून काढायला वर्षाला ३ लाख माणसं लागतील. रविवार आणि सुट्ट्या मिळून ८० दिवस धरा आणि त्या प्रत्येक दिवशी २,५०० माणसं आली असं माना. हे झाले २ लाख. उरलेल्या २८५ दिवसांत १ लाख माणसं हवीत, म्हणजे रोज सुमारे ३५०. प्रत्यक्षात मंगळवार-बुधवारी २०० च आली तर ५७,००० होतात. ४३,००० माणसं कमी पडली आणि माणशी ८०० प्रमाणे जवळपास साडेतीन कोटींचा तोटा झाला. यात कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही.

तुम्ही पाहिलेली गर्दी खरीच आहे. पण ती त्या ८० दिवसांतली आहे. पार्कचं भवितव्य उरलेल्या २८५ दिवसांत ठरतं, आणि ते दिवस पाहायला बाहेरचं कोणीच येत नाही. म्हणून कोणत्याही प्रकल्पात पैसे घालण्याआधी शाळा सुरू असतानाच्या एखाद्या मंगळवारी दुपारी जाऊन गेटवर दोन तास उभं राहावं, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे. स्थिर खर्च एकदा निघाला की पुढच्या प्रत्येक माणसामागचे ८०० रुपये थेट शिल्लक राहतात. म्हणून या धंद्यात चांगलं वर्ष फार चांगलं जातं आणि वाईट वर्ष फार वाईट. करोनाच्या २०२०-२१ या वर्षात वंडरलाचं उत्पन्न ४० कोटींच्याही खाली गेलं आणि सुमारे ५० कोटींचा तोटा झाला. २०२३-२४ मध्ये त्याच कंपनीने १५० कोटींहून जास्त निव्वळ नफा कमावला.

४. पार्क आहे ना, मग हॉटेलची भानगड कशाला?

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नीलँड उघडलं, तेव्हा वॉल्ट डिस्नीकडे जमिनीला आणि हॉटेलला पैसे उरले नव्हते. पार्कशेजारचं डिस्नीलँड हॉटेलसुद्धा दुसऱ्या व्यावसायिकाने बांधलं. बघता बघता भोवती मोटेलांची रांग लागली. लोक डिस्नीसाठी यायचे आणि रात्रीचा पैसा शेजारी घ्यायचे. फ्लोरिडाला जाताना मात्र कंपनीने आधी सुमारे २७,००० एकर जमीन घेतली आणि १९७१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू करताना हॉटेलं बरोबरच उघडली.

मुक्कामी पाहुण्याचे फायदे तीन. तो दुसऱ्या दिवशीही खर्च करतो. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तुमच्याकडेच घेतो. आणि त्याने आगाऊ बुकिंग केलेलं असल्यामुळे आभाळ भरून आलं तरी तो सहसा येतोच.

नाशिकमध्ये याचं वेगळं रूप आपण पाहिलेलं आहे. सुला विनयार्ड्सने द्राक्षमळा आणि वाइन चाखण्याच्या जागेभोवती राहण्याची सोय केली. तिथे राइड नाहीत, पण विचार तोच: दुपारी आलेल्या माणसाने संध्याकाळी परत जाऊ नये.

५. मग जितक्या जास्त खोल्या तितकं चांगलं का?

नाही. पॅरिसचं उदाहरण यासाठी जगभर शिकवतात. एप्रिल १९९२ मध्ये युरो डिस्ने उघडलं तेव्हा एकदम पाच हजारांहून जास्त खोल्या बांधल्या होत्या. युरोपातले लोक अमेरिकनांसारखे चार-पाच दिवस राहतील असं गृहीत धरलं होतं. पण तेव्हा तिथे एकच पार्क होतं आणि ते दिवसाभरात बघून व्हायचं. पॅरिस रेल्वेने जवळ, त्यामुळे लोक तिकडे मुक्कामाला जायचे. खोल्या रिकाम्या राहिल्या आणि कर्जाचं व्याज चालू राहिलं. दोनच वर्षांत, १९९४ मध्ये, कर्जाची फेररचना करावी लागली, डिस्नीला आपली रॉयल्टी (नाव वापरू देण्याचा मोबदला) काही वर्षं सोडावी लागली आणि सौदी राजपुत्र अल-वलीद यांचं भांडवल आलं. दुसरं पार्क २००२ मध्ये उघडलं. म्हणजे दुसऱ्या दिवसाचं कारण तयार व्हायला दहा वर्षं लागली, खोल्या मात्र पहिल्या दिवसापासून होत्या.

आधी मोजायचं ते हे: पार्क पूर्ण बघायला किती तास लागतात? सहा तासांत संपत असेल तर राहण्याचं कारण पार्क देत नाही, ते दुसरं काहीतरी द्यायला हवं. आपल्याकडे ते त्र्यंबकेश्वर, वणी, गंगापूर धरण, पावसाळ्यातला इगतपुरीचा घाट हे देऊ शकतात.

अलीकडे एक गोष्ट इथेही बदलली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ठाणे-भिवंडीकडून येणं सोपं झालं म्हणून सगळे खूश आहेत. पण येणं सोपं झालं तसं जाणंही सोपं झालं. चांगला रस्ता दिवसाचे पाहुणे वाढवतो आणि मुक्कामाचे काही कमी करतो. नवीन प्रकल्प अहवालांत पहिला परिणाम ठळक लिहिलेला असतो, दुसरा मला क्वचितच सापडतो.

६. इमॅजिकाचं काय झालं होतं? पार्क तर छान आहे.

पार्क छान होतंच, लोकांना ते आवडतही होतं. अडचण भांडवल उभं करण्याच्या पद्धतीत होती. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्ज एंटरटेन्मेंटने मोठं, जागतिक दर्जाचं पार्क एका दमात बांधलं आणि कर्ज हजार कोटींच्या वर गेलं. २०१५ मध्ये शेअर बाजारात येताना २२१ ते २३० रुपयांचा किंमतपट्टा खाली आणावा लागला आणि शेवटी शेअर १८० रुपयांना दिला गेला. करोनाआधीच्या वर्षांत उत्पन्न २५० कोटींच्या आतच फिरत राहिलं.

आता कागदावर मांडून बघा. १,००० कोटींच्या कर्जावर ११ टक्क्यांनी व्याज धरलं तर वर्षाला ११० कोटी होतात. २५० कोटींच्या उत्पन्नातून पगार, वीज, देखभाल, जाहिरात भागवून ११० कोटी व्याजाला उरणं कठीण, आणि मुद्दल तर लांबच. त्यातून नव्या राइडसाठी पैसे राहत नाहीत. नवी राइड नाही म्हणून जुना पाहुणा परत येत नाही. या चक्रातून नुसत्या मेहनतीने बाहेर पडता येत नाही.

२०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे ताबा गेला. कंपनीचं नाव त्याआधीच इमॅजिकावर्ल्ड झालेलं होतं. शिर्डीचं साईतीर्थ आणि वेट एन जॉय, लोणावळ्याचं वॉटर पार्क ही समूहाचीच उभारणी, आणि नंतर तीही याच कंपनीत आणली गेली. जागा तीच, राइड त्याच, पाहुणेही तेच. कर्जाचा भार उतरल्यावर त्याच पार्कचा ताळेबंद वेगळा दिसू लागला. दुसरीकडे वंडरला: २००० साली कोचीत सुरुवात, २००५ मध्ये बंगळूर, मग ११ वर्षं थांबून २०१६ मध्ये हैदराबाद. हळू वाढ, जवळपास शून्य कर्ज. राइडच्या झगमगाटात इमॅजिका कुठेच कमी नव्हतं. फरक कर्जाचा होता.

७. आर्थिक अहवाल हातात आला तर काय बघू?

पाहुण्यांची संख्या आणि माणशी उत्पन्न एकत्र बघा. संख्या वाढली आणि माणशी उत्पन्न घटलं, तर सवलती देऊन गर्दी जमवली आहे. संख्या थोडी घटली आणि माणशी उत्पन्न वाढलं, तर ती नेहमीच वाईट बातमी नसते.

खोल्यांसाठी नुसती ऑक्युपन्सी, म्हणजे किती टक्के खोल्या भरल्या, ती बघू नका. उपलब्ध खोलीमागे मिळालेलं उत्पन्न, ज्याला रेव्हपार म्हणतात, ते बघा. ३,००० रुपये दराने ८० टक्के खोल्या भरल्या तर रेव्हपार २,४०० रुपये. ५,००० रुपये दराने ५० टक्के भरल्या तर २,५००. दुसऱ्या हॉटेलात धुलाई कमी, वीज कमी, झीज कमी, तरीही पैसा जास्त.

शेवटी एकूण कर्ज आणि वर्षाचं व्याज बघा. ते का, हे प्रश्न ६ मध्ये आलं आहे. तिमाहीची तुलना मात्र मागच्या तिमाहीशी कधीच करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. कारण प्रश्न ९ मध्ये.

८. कंपनी म्हणते ईबिटडा भरपूर आहे, मग नफा का दिसत नाही?

ईबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई. पार्क हा लोखंड, फायबर, पंप आणि इमारतींचा धंदा आहे. त्यामुळे घसारा मोठा असतो, आणि नवं पार्क उघडलं की त्या वर्षी तो एकदम वाढतो.

काही जण म्हणतात, घसारा कागदी खर्च आहे, सोडून द्या. इथे मी स्पष्टपणे असहमत आहे. राइड खरोखर झिजतात. शिवाय लोकांना तीच राइड तिसऱ्यांदा बघायची नसते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी नवं आणावं लागतं. तो पैसा ईबिटडातूनच जातो. ईबिटडातून देखभालीचा भांडवली खर्च आणि व्याज वजा करून जे उरतं तेच मालकाचं.

९. नाशिकचा हंगाम कोणता? पावसाळ्यात बंद ठेवावं का?

देशभरातल्या पार्कांची सर्वात मोठी तिमाही एप्रिल ते जून, कारण सुट्टी आणि ऊन. जुलै ते सप्टेंबर सर्वात कमजोर. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली आणि नाताळ.

नाशिकला यात दोन जमेच्या बाजू आहेत. दिवाळीनंतर गुजरातमधून येणारी कुटुंबं, कारण सुरत-नवसारीकडून सापुतारामार्गे नाशिक जवळ पडतं. आणि पावसाळा. वॉटर पार्कच्या तिकीट खिडकीवर शुकशुकाट असतो त्याच आठवड्यात इगतपुरी-त्र्यंबक भागातल्या खोल्या शनिवार-रविवारी मिळत नाहीत. मुंबईकराला धुकं आणि धबधबे हवे असतात. म्हणून इथे खोल्या आणि पार्क एकमेकांचे पडके महिने भरून काढू शकतात. खोपोलीलाही पाऊस आहे, पण पावसाळी मुक्कामासाठी लोणावळा शेजारीच उभं आहे.

पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातले दोन-तीन दिवस बंद ठेवून मोठी देखभाल त्याच काळात उरकणं परवडतं. पण हा निर्णय वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करावा. ऐनवेळी गेट बंद दिसलं की पाहुणा कायमचा तुटतो.

१०. बाहेरचं खाणं आत का नेऊ देत नाहीत? हे अन्यायाचं वाटतं.

खाण्यावरचा नफा तिकिटाइतकाच महत्त्वाचा आहे, हे खरं कारण. स्वच्छता, पाण्यातला कचरा, काचेच्या बाटल्या ही कारणंही खरी आहेत, पण दुय्यम.

माझं मत असं की नाशिकसारख्या ठिकाणी पूर्ण बंदी धंद्यालाच नुकसान करते. पाच-सहा जणांचं कुटुंब, त्यात आजी उपवासाची आणि लहान बाळ. गेटवर डबे काढून घेतले की दिवसाची सुरुवात भांडणाने होते. गेटबाहेर सावलीत बसून डबा खायची जागा, हातावर शिक्का मारून परत आत येण्याची मुभा, उपवासाचे पदार्थ आणि बाळाच्या खाण्याला परवानगी एवढं केलं तरी तक्रारी खूप कमी होतात. आणि पिण्याचं पाणी मोफत व थंड असलंच पाहिजे, यात तडजोड नको.

११. रोजचा कारभार कसा चालतो? जनरल मॅनेजर दिवसभर करतो काय?

गेट उघडण्याआधी मेकॅनिक प्रत्येक राइड रिकामी फिरवून बघतात आणि तपासणीच्या कागदावर सही करतात. पाण्यातलं क्लोरीन आणि पीएच मोजलं जातं. लाइफगार्डच्या जागा ठरावीक वेळाने बदलल्या जातात, कारण उन्हात एकाच पाण्याकडे तासभर बघितलं की नजर सुन्न होते. हॉटेलकडे आदल्या रात्रीचा हिशेब, आजचे येणारे-जाणारे, स्वयंपाकघराची ऑर्डर.

मॅनेजरच्या टेबलावर सकाळी एक पानाचा अहवाल येतो: काल किती पाहुणे, माणशी किती खर्च, किती खोल्या विकल्या, कोणती राइड किती वेळ बंद होती. शेवटचा आकडा बाहेरच्यांना किरकोळ वाटतो, पण त्यात पैसा लपलेला असतो. २४ जणांची राइड दर तीन मिनिटांनी सुटली तर तासाला ४८० जण बसतात. पट्टे लावायला एक मिनिट जास्त लागलं आणि चार मिनिटांचा फेरा झाला की ३६०. ते १२० जण रांगेतच उभे राहतात, आणि रांगेतला माणूस ना जेवतो, ना फोटो घेतो, ना दुकानात शिरतो. म्हणून राइडवर प्रशिक्षित माणूस ठेवणं हा हॉटेलच्या उत्पन्नाचाही प्रश्न आहे. घाई मात्र पट्टे तपासण्यात कधीच करायची नाही. वेळ वाचवायचा तो चढण्या-उतरण्याच्या रचनेत.

१२. मालक एक आणि चालवणारा दुसरा, हे कसं?

जगातलं सर्वात यशस्वी उदाहरण टोकियोचं. १९८३ पासूनचं तिथलं डिस्नी रिसॉर्ट ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीचं आहे. डिस्नीचा त्यात हिस्सा नाही. तिकिटांवर १० टक्के आणि खाणं-वस्तूंवर ५ टक्के अशा मूळ रॉयल्टीसाठी तो करार ओळखला जातो. शांघायला २०१६ मध्ये उघडलेल्या रिसॉर्टमध्ये स्थानिक सरकारी समूहाकडे ५७ टक्के आणि डिस्नीकडे ४३ टक्के. आपल्याकडे खोपोलीचं हॉटेल नोव्होटेल या नावाने चालू झालं, म्हणजे नाव आणि व्यवस्थापन ॲकॉर समूहाचं.

अशा करारात चालवणाऱ्याला दोन प्रकारे मोबदला मिळतो: उत्पन्नाचा काही टक्के भाग, आणि कामकाजी नफ्याचा काही भाग. जमीनमालकाने वाद घालायचा तो याच प्रमाणावर. उत्पन्नावरचा भाग मोठा असेल तर चालवणारा सवलती वाटून विक्री वाढवेल आणि तोटा तुमच्या वहीत राहील. नफ्यावरचा भाग मोठा असेल तर खर्चाकडेही तो बघेल.

१३. जीएसटी किती लागतो? पार्क आणि खोली एकत्र पॅकेज घेतलं तर?

पार्कच्या प्रवेशावर जुलै २०१७ मध्ये २८ टक्के होता, जानेवारी २०१८ पासून १८ टक्के आहे. खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, पण हॉटेलला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. दर ७,५०० च्या वर गेला की १८ टक्के, वजावटीसह. म्हणून ७,४०० आणि ७,६०० रुपयांच्या खोल्यांमध्ये पाहुण्याच्या बिलात मोठी दरी पडते, आणि दर ठरवताना सगळे या रेषेच्या अलीकडे थांबतात.

पॅकेज मात्र नाजूक आहे. वेगवेगळ्या दरांच्या सेवा एकाच किमतीत बांधल्या तर सगळ्यावर जास्तीचा दर लागू होण्याची शक्यता असते. बिलात खोली, प्रवेश आणि जेवण वेगळं दाखवायचं की नाही, हे पॅकेज छापण्याआधी सीएला विचारा, छापल्यावर नको.

१४. आमचं छोटं ॲग्रो टुरिझम आहे, रेन डान्स आणि दहा खोल्या. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

प्रश्न ३ आणि ७ जसेच्या तसे लागू. बाकी बरंच नाही. तुमची ताकद कमी स्थिर खर्चात आहे: जमीन घरची, माणसं घरची, भाजी शेतातली. ती घालवू नका. एक मोठी राइड कर्ज काढून आणली की तुम्ही मोठ्या पार्कच्या गणितात शिरता, पण मोठ्या पार्कची गर्दी तुमच्याकडे येत नाही.

१५. २०२७ चा कुंभमेळा समोर आहे. आत्ताच बांधून टाकावं का?

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, मागचा २०१५ मध्ये होता. येणारा भाविक स्नानाला आणि दर्शनाला येतो. त्याला स्वच्छ खोली, गरम पाणी, साधं जेवण आणि वाहनाची सोय हवी असते, राइड नको असते. पर्वणीच्या दिवसांत रस्ते आणि वाहतूक नियंत्रणात असते, त्यामुळे नेहमीचा सुट्टीचा पाहुणा त्या काळात नाशिक टाळण्याचीच शक्यता जास्त. काही आठवड्यांच्या दरावर पंधरा वर्षांचं कर्ज काढू नका. बँकेला दाखवायच्या अहवालात २०२७-२८ हे वर्ष काढून टाका आणि मग प्रकल्प उभा राहतो का ते बघा. राहत असेल तर कुंभाची कमाई वरकड समजा.

तात्पुरते तंबू, असलेल्या खोल्यांची डागडुजी, पाण्याची आणि सांडपाण्याची क्षमता वाढवणं यावर केलेला खर्च मात्र नंतरही उपयोगी पडतो.

१६. 'रिसॉर्टमधली खोली विकत घ्या, दरमहा खात्रीचं भाडं' अशी जाहिरात आली आहे. घ्यावी का?

खोलीचं उत्पन्न हंगामाप्रमाणे हलतं, हे प्रश्न ९ मध्ये पाहिलं. मग दरमहा सारखं भाडं कुठून येणार? पहिली दोन-तीन वर्षं ते बऱ्याचदा तुम्हीच दिलेल्या किमतीतून येतं. सदनिका किंवा प्लॉट म्हणून विक्री असेल तर महारेरा नोंदणी तपासा. अनेकांचे पैसे एकत्र करून दुसराच कोणी ते चालवणार आणि परतावा वाटणार असेल, तर ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते आणि तिला सेबीची नोंदणी लागते. या दोन्हींची कागदपत्रं मागितल्यावर समोरचा माणूस टाळाटाळ करू लागला, तर टोकनही देऊ नका.

१७. त्र्यंबक रस्त्याला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. पार्कसाठी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागतायत. काय सांभाळावं?

सातबारावरची सगळी नावं, बहिणींची धरून, करारात आहेत का ते आधी बघा. जमिनीचा बिगरशेती वापर कोणाच्या नावाने आणि कोणाच्या खर्चाने होणार हे लिहून घ्या. त्र्यंबक-इगतपुरी भागातली बरीच गावं पश्चिम घाट पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत, म्हणून गावाचं नाव त्यात आहे का ते तपासल्याशिवाय विसार घेऊ नका.

भाडं ठरवताना किमान रक्कम पक्की ठेवा आणि तिच्यावर उत्पन्नाचा टक्का मागा. नुसता नफ्याचा टक्का कधीच स्वीकारू नका. व्याज आणि घसारा वजा जाऊन पहिली अनेक वर्षं नफा दिसणारच नाही (प्रश्न ८). तुमची जमीन गहाण ठेवून चालवणाऱ्याने कर्ज काढायचं नाही, हे कलम स्पष्ट शब्दांत हवं. ते ढोबळ राहिलं आणि पार्क बुडालं, तर जमिनीवर बँकेचा बोजा चढलेला असतो.

पाण्याचंही लिहून घ्या. वॉटर पार्क पाणी फिरवून वापरतं, पण बाष्पीभवन, फिल्टर धुणं आणि अंगाबरोबर बाहेर जाणारं पाणी रोज भरावं लागतं, आणि ते सर्वात जास्त लागतं एप्रिल-मेमध्ये, तुमच्या विहिरीला तळ दिसतो तेव्हाच. टँकर कोण आणणार, नवी बोअर मारायची की नाही, शेजारच्या शिवारातल्या विहिरी आटल्या तर जबाबदारी कोणाची, हे तीन मुद्दे करारात असू द्या. आणि करार संपल्यावर पूल, काँक्रीट, राइडचे पाये काढून जमीन समतल करून देण्याचा खर्च चालवणाऱ्याचा, त्यासाठीची अनामत पहिल्याच वर्षी बँकेत.